वरून दिसलेलं घर

चुन्याच्या फक्कीची अर्धी गोणी विकासने अंगणात आणून टाकली तेव्हा उन्हं माथेरानच्या डोंगराआड चालली होती. त्याचे थोरले भाऊ लडकूदादा ओट्यावरून उठले, गोणीत हात घालून चिमूटभर फक्की बोटांत चोळून बघितली आणि हसले. शाळेच्या मैदानावर कबड्डीचं मैदान आखायला वापरतात तीच ही फक्की, आणि हिच्या जोरावर आता सरकार घरं मोजणार म्हणे.

आठवडाभर गावात दुसरा विषय नव्हता. शेतांना सातबारा होता, नकाशा होता, पण गावठाणातल्या घरांचा नकाशा कुणी कधी काढलाच नव्हता. घरपट्टी कोण भरतं आणि कोण नुसतंच घर बांधून बसलंय, हे ग्रामपंचायतीला अंदाजानेच ठाऊक. ग्रामसेवकांनी सभेत समजावून सांगितलं होतं, की ड्रोन गावावरून फिरेल आणि वरून फोटो काढील. त्याआधी प्रत्येकाने आपापल्या हद्दीवर पांढरी रेघ ओढून ठेवायची. फोटोंवरून नकाशा होईल, नकाशात ज्याचं घर दिसेल त्याच्या नावाची मिळकत पत्रिका निघेल आणि घरपट्टीही त्याच्याच नावाने येईल. शेवटच्या वाक्याला सभेचे चेहरे जरा आंबट झाले. शेजारच्या पोशीर गावात ड्रोन उडाला तेव्हा त्याने म्हणे कोंबड्यांची खुराडीसुद्धा सोडली नाहीत.

मग लपवालपवी सुरू झाली. एकाने नव्या संडासावर पेंढा रचला. विकासने तर कमालच केली. घरामागे मुंबईच्या पाहुण्यांसाठी त्याने दोन खोल्या बांधल्या होत्या, त्यांची नोंद कुठेच नव्हती. त्यांच्या पत्र्यावर त्याने रोपवाटिकेतली हिरवी जाळी ताणून बांधली, वर आंब्याचे टहाळे टाकले आणि खाली उभा राहून आपल्याच हुशारीकडे बघत बसला. त्याच्या बायकोने, सुनिताने, त्याला विचारलं, की ड्रोन काय जांभळं शोधायला येतोय का. पण विकासला थट्टा ऐकायला वेळ नव्हता.

लडकूदादांना पट्टीचं भय नव्हतं. आबाजी जाऊन कैक वर्षं झाली तरी या घराची पट्टी आबाजींच्याच नावाने येत होती आणि थोरला मुलगा म्हणून दादा ती दरसाल भरत होते. त्यांना भय होतं ते रेघेचं.

घर एकच, लांबलचक, नळीच्या कौलांचं. दारं मात्र तीन. डोंगराकडच्या टोकाला दादा आणि त्यांची बायको जना. दुसऱ्या टोकाला धाकटा विकास आणि सुनिता. मधल्या दाराआड सुरेखा. मधला भाऊ निलेश जुन्या हायवेवर लोधिवलीजवळ ट्रकखाली आला, तेव्हा त्याची मुलगी ऋतिका शाळेत होती. आता ऋतिका पनवेलला नर्सिंग शिकत होती आणि सुरेखा नेरळच्या बाजूच्या एका फार्महाऊसवर स्वयंपाकाला जात होती. उद्या ऋतिका लग्न होऊन जाईल, मग मधली खोली कुणाची, हा प्रश्न दादांच्या मनात घर करून बसला होता. कर्जतच्या अंगाला जमिनीला काय भाव आलाय हे ते बघत होते. मधल्या दारातून एखादा मुंबईकर चड्डी घालून बाहेर येतोय आणि आपल्याला गुड मॉर्निंग म्हणतोय, असं चित्र त्यांना दिवसाढवळ्या दिसत असे.

म्हणून रेघ त्यांनी स्वतःच ओढायला घेतली. घमेल्यात फक्की घेतली, कमरेत वाकले आणि घराच्या टोकापासून अंगणाला वळसा घालत पांढरी धार सोडत निघाले. त्यांच्या दारावरून रेघ पुढे गेली, मधल्या दारावरूनही पुढे गेली आणि विकासच्या भिंतीला जाऊन भिडली. एका चौकोनात दोन दारं आली. विकासचा चौकोन वेगळा झाला.

सुरेखा आपल्या दारात उभी राहून बघत होती. चौकोन पूर्ण झाल्यावर ती खाली उतरली.

"दादा, माजी रेघ ऱ्हायली," ती म्हणाली.

"तुजी कसली येगळी रेघ? तू आमच्यातच हायस."

"हाय ना. पर नंबर माजा येऊ द्या. पट्टी मी भरीन."

अख्खं गाव पट्टी चुकवायला पेंढा रचत होतं आणि ही बाई पट्टी मागत होती. विकासला हसू आलं. सुरेखाला मात्र हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. निलेश गेल्यापासून तिने किती दारं झिजवली ते तिचं तिला ठाऊक. विजेचं वेगळं मीटर मागायला गेली, घरपट्टीची पावती आणा म्हणाले. ऋतिकाच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला गेली, तिथेही तेच. पावती आबाजींच्या नावाची, आणि आबाजी मेलेले. तिच्याकडे दार होतं, चूल होती, भिंतीवर नवऱ्याचा फोटो होता, पण कागदावर ती कुठेच राहत नव्हती. उद्याच्या फोटोत आपल्या दारामागे एक वेगळं घर आहे एवढं दिसावं, याहून तिला काही नको होतं. आता दिसलं नाही तर पुन्हा कधी कोण आभाळातून बघायला येणार होतं?

दादांनी तिला खूप समजावलं. घरात रेघ मारली की घर राहत नाही, चाळ होते, असं ते म्हणाले. आबांनी कौल न् कौल स्वतःच्या हाताने चढवलं, ते काय असे तुकडे पाडायला? विकास त्यांच्या बाजूने मान डोलावत राहिला, कारण मागच्या खोल्यांबद्दल दादांनी आजवर तोंड उघडलं नव्हतं आणि ते तसंच बंद राहावं अशी त्याची इच्छा होती. सुनिता तांदूळ निवडत बसली होती. तिने एकदा सुरेखाकडे आणि एकदा नवऱ्याकडे बघितलं आणि पुन्हा सुपात मान घातली.

"आबांच्या हातचं छप्पर हाय ह्ये," दादा शेवटी म्हणाले. "शेजारपाजारची घरं गळतात. माज्या खाटंवर आजवर थेंब पडला नाय."

ओट्याच्या कडेला जना कंदिलाची काच पुसत होती. हे वाक्य ती दर पावसाळ्यात ऐकत आली होती. तिने काच उजेडाकडे धरली, पुन्हा एकदा पुसली आणि आत गेली.

जनाला पहाटे जाग आली ती एकाच विचाराने. आज घराचा फोटो निघणार. तिच्या लग्नात फोटो निघाला नव्हता, घराचा तर कधीच नाही. आता प्रत्यक्ष सरकार आभाळात जाऊन फोटो काढणार आणि अंगण असं धुळीने भरलेलं, पारोसं. कुणी काय म्हणेल? तिने गोठ्यातून शेण आणलं, बादलीत कालवलं आणि पदर खोचून सारवायला बसली. हात सवयीने फिरत राहिले. डोंगराकडून गार वारा येत होता आणि ओल्या शेणाचा वास अंगणभर पसरत होता.

रेघ अर्धी पुसली गेली तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं. ती हात तसाच जमिनीवर ठेवून थांबली. आत दादा घोरत होते. आदल्या संध्याकाळचं छपराचं बोलणं तिच्या मनातून गेलं नव्हतं. मग उरलेली अर्धी रेघ तिने समजून उमजून पुसली आणि पुढे सारवत गेली.

मधलं दार वाजलं. सुरेखा हातात तांब्या घेऊन बाहेर आली. आदल्या दिवशी सांडलेली फक्की तिने गोळा करून ठेवली होती. दादा उठायच्या आत आपली एक रेघ ओढायची, मग काय व्हायचं ते होवो, असं ठरवून ती उठली होती. समोर अख्खं अंगण ओलं, गुळगुळीत, आणि त्यावर एकही रेघ नाही.

"पाय टाकू नको," जना म्हणाली. "ओलं हाय."

दोघी जावा एकमेकींकडे बघत राहिल्या. सुरेखाला क्षणभर वाटलं, की सरळ पाय टाकावा आणि ओल्या शेणातून रेघ ओढत जावं. पण जनाने या सारवणावर कोपऱ्याकोपऱ्यात हात फिरवला होता. निलेश गेला त्या दिवसापासून या बाईने तिला एकटीला जेवू दिलं नव्हतं. सुरेखा आत वळली. तांब्या खाली ठेवताना तिला रडू आलं, आणि ते कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून तिने चुलीत फुंकर घालायला सुरुवात केली.

दादा उठून बाहेर आले तेव्हा जना तुळशीपुढे रांगोळी घालत होती. रेघ कुठे गेली, असं त्यांनी विचारलं. फोटो निघणार म्हणून सारवलं, असं तिने सांगितलं. एवढं चकचकीत अंगण दादांनी दिवाळीलाही बघितलं नव्हतं, त्यामुळे रागवायचं कुठून ते त्यांना सुचेना. उरलेली फक्की विकासने शेजारी देऊन टाकली होती, आणि ओल्या सारवणावर ती बसलीही नसती. तेवढ्यात शाळेच्या मैदानाकडून गलका झाला. गाव तिकडे धावलं.

मैदानाच्या मधोमध चार दांड्यांचं, चार पंख्यांचं ते यंत्र ठेवलं होतं. एवढंसं, सुपात मावेल असं. मोजणीच्या खात्याच्या भाविका मॅडमनी सगळ्यांना मागे व्हायला सांगितलं. त्या वयाने ऋतिकाहून फार मोठ्या नसतील. मग माश्यांचं पोळं उठावं तसा आवाज झाला, धूळ उडाली आणि यंत्र सरळ वर गेलं. पिंपळाच्या शेंड्याला मागे टाकलं, देवळाच्या कळसाला टाकलं. मग ते थांबलं, आभाळात एका जागी, आधाराशिवाय.

लडकूदादांनी मान मागे टाकली तशी त्यांची टोपी पडली. ती त्यांनी उचलली नाही. मुंबईला जाणारी विमानं त्यांनी जन्मभर बघितली होती, पण ती आपल्या वाटेने जायची, खाली कोण आहे याच्याशी त्यांना घेणंदेणं नसायचं. हे थांबून बघत होतं. गावावरून नांगराच्या तासासारखं सरळ एका टोकाला गेलं, वळलं आणि शेजारून परत आलं. कोणतंही घर सोडलं नाही, कुणाच्या घरी जास्त थांबलं नाही. सरपंचाच्या बंगल्यावरून गेलं तसंच कातकरवाडीच्या झोपड्यांवरून गेलं. दादांच्या अंगावर काटा आला. देवळात पुराणिकबुवा सांगायचे, वरून सगळं दिसतं. ते ऐकताना दादांना कधी एवढं वाटलं नव्हतं.

भाविका मॅडमच्या हातातल्या टॅबच्या काचेवर यंत्र बघत होतं ते सगळं उमटत होतं. त्यांनी जवळ बोलावलं तेव्हा लोकांनी गर्दी केली. वीतभर काचेत अख्खं गाव होतं. नदीचं वळण, भाताच्या कापलेल्या पिवळट खाचरांचे तुकडे, वाटा, विहिरीचा काळा डोळा. मग एकेक जण आपलं घर शोधू लागला.

दादांनी पुष्कळ शोधलं. काच जवळ घेतली, लांब धरली. जन्म या गावात गेला होता, अंधारात पायाला जागा कळायची, पण काचेत एकाही घराला दार नव्हतं. ओटा नव्हता, भिंत नव्हती. नुसती छपरं. स्वतःचं घर त्यांना ओळखू येईना आणि ते चारचौघांत कबूलही करवेना.

"त्ये काय आपलं," मागून सुरेखा म्हणाली. तिने हात लांब करून अचूक बोट ठेवलं. "आंब्याच्या अंगाला. लांबडं."

इतकं चटकन तिला कसं कळलं, असं तेव्हा कुणाच्या मनात आलं नाही. जनाच्या आलं असेल.

होळीच्या आधी भाविका मॅडम नकाशा घेऊन गावात परत आल्या. आता घरोघर जाऊन खातरजमा करायची होती. ग्रामसेवक बरोबर होते. आबाजींच्या घराच्या ओट्यावर सतरंजी टाकली गेली, सुनिताने चहा ठेवला आणि कधी नव्हे ती तिन्ही दारांची माणसं एकत्र बसली. सुरेखा उंबऱ्यापाशी खांबाला टेकून उभी राहिली. तिने कामावर सुट्टी मागून घेतली होती. काय होणार ते तिला दिसत होतं, तरी समोर होताना बघायचं असं तिने ठरवलं होतं.

मॅडमनी मोठा छापील नकाशा पसरला. दादांनी तो जमिनीवर नीट सपाट केला आणि बघत राहिले. ड्रोनच्या दिवशी काचेत बघितलं ते पळतं होतं, हे थांबलेलं होतं. आंब्याची सावलीसुद्धा होती. सुकायला टाकलेलं घोंगडं होतं. जना पुढे सरकली आणि अंगणातल्या तुळशीपुढच्या एका पांढऱ्या ठिपक्यावर तिने बोट ठेवलं.

"ही काय माजी रांगोळी?" तिने विचारलं.

मॅडमनी लॅपटॉपवर तो भाग मोठा करून दाखवला. रांगोळीच होती. जनाने दोन्ही हात जोडले. तिने ते लॅपटॉपला जोडले, मॅडमना जोडले की आभाळाला, हे तिलाही सांगता आलं नसतं. एवढ्या उंचावरून तिची रांगोळी कुणीतरी बघितली होती.

मग मॅडमनी लॅपटॉप विकासकडे वळवला. घरामागे हा एवढा हिरवा चौकोन कसला, त्यांना कळेना. बाकी सगळं रान उन्हाने पिवळं आणि हेच एक हिरवंगार, चारही कोपरे काटकोनात. विकास म्हणाला, झाडं आहेत. सुनिता चहाचे कप ठेवत होती. ती म्हणाली, झाडं आहेत, रात्री त्यांच्यात एसी लागतो. ग्रामसेवक हसले आणि त्यांनी आपल्या यादीत दोन खोल्या लिहून घेतल्या. विकास बायकोकडे बघत राहिला. सुनिताने त्याच्यापुढे कप सरकवला.

"आता मुख्य घर," मॅडम म्हणाल्या. "अंगणात रेघा दिसत नाहीत. छप्पर एक आहे. मग एकच मिळकत धरायची का? घरपट्टी सध्या मयत आबाजींच्या नावाने आहे, ती थोरल्या मुलाच्या नावावर करायची?"

दादांनी घसा साफ केला. हेच त्यांना हवं होतं. विकासचा भाग तेवढा तोडा, बाकी एकच, असं ते सांगणार होते. सुरेखाने खांबावरचा हात काढून घेतला.

"पण एक कळत नाही," मॅडमच पुढे म्हणाल्या. त्यांनी छप्पर मोठं केलं, इतकं की पडदा त्यानेच भरून गेला. "छप्पर एक आहे, रंग मात्र तीन आहेत."

सगळे पुढे वाकले. एका टोकाला निळा पत्रा, तो विकासचा. दुसऱ्या टोकाला काळीशार, शेवाळलेली कौलं. दादांचे गुडघे धरल्यापासून तिकडे कुणी चढलं नव्हतं. आणि मधे लाल, धुतलेली, एकेक कौल मोजून घ्यावं इतकी स्वच्छ, सारख्या ओळीत बसवलेली. आपल्या घराला एवढा सुंदर रंग आहे हे त्या घरातल्या माणसांना ठाऊक नव्हतं. खालून ते कधी दिसलंच नव्हतं.

नळीची कौलं दर वैशाखात परतावी लागतात. एकेक काढायचं, झाडायचं, फुटकं बदलायचं आणि पुन्हा बसवायचं. माथेरानवरून उतरणारी माकडं वर्षभर ती इकडची तिकडे करून ठेवतात. निलेश गेल्यावरच्या वैशाखात सुरेखा स्वतः चढली तेव्हा गावात बरीच कुजबुज झाली होती, बाई माणूस कौलांवर चढतं म्हणून. दादांना ते आवडलं नव्हतं, पण आपल्या भागावर ती चढते तर चढो, असं म्हणून ते त्या दिवशी शेतावर निघून जात. दरसाल.

"ही लाल बाजू कुणाची?" मॅडमनी विचारलं.

"मधली. सुरेखाची," विकास म्हणाला. हिरव्या चौकोनानंतर त्याच्यात खोटं बोलायचं बळ उरलं नव्हतं.

"मग तिची हद्द ही अशी येते का?" मॅडमनी लाल रंगाच्या कडेने बोट फिरवलं. बोट मधल्या भिंतीच्या रेषेवर थांबलं नाही. ते पुढे गेलं, दादांच्या छपरात शिरलं, चांगलं दोन खण आत जाऊन वळलं. काळ्या कौलांत लाल चौकोन कोरल्यासारखा दिसत होता.

दादा त्या चौकोनाकडे बघत राहिले. त्यांनी मनातल्या मनात खाली भिंती उभ्या केल्या, दार लावलं, खिडकी लावली, आणि खिडकीखाली आपली खाट ठेवली. खाट बरोबर त्या लाल चौकोनाखाली आली.

"विकास," त्यांनी विचारलं, "माज्या खोलीवरची कौलं तू परततोस ना रं? म्या दरसाल सांगतो, तू झालं म्हणतोस."

विकासने कप उचलला आणि पुन्हा ठेवला. सुनिता म्हणाली, "ह्यांना शिडीवर घेरी येते, दादा. म्हनून तर आमी पत्रा टाकला."

मॅडमना वाटलं आपलं काही चुकलं, त्या पुन्हा पडद्यावर तपासू लागल्या. शेवटी जनाच बोलली, नकाशावरची नजर न काढता.

"ती करते. म्या शिडी धरते. तुमी शेतावर गेलात की."

दादांनी सुरेखाकडे बघितलं. या घरात मोठ्या दिराकडे मान वर करून बोलायची पद्धत नव्हती आणि दिरानेही भावजयीच्या तोंडाकडे बघायची नव्हती. दोघांनीही ती त्या वेळी पाळली नाही.

सुरेखाला सांगायला अवघड वाटत होतं. आपण काही उपकार केले असं तिला कधी वाटलं नव्हतं. पहिल्या वर्षी ती तिकडे गेली ती स्वतःसाठीच.

"मधीच थांबता येत नाय, दादा," ती म्हणाली. "तुमच्याकडचं कौल फुटलं का पानी माज्याकडं येतं."

पण दोन खण आतपर्यंत पाणी येत नाही, हे तिथल्या सगळ्यांना कळत होतं. पुढचं तिने सांगितलं नाही. त्या वैशाखात तिने दादांच्या बाजूचं एक कौल उचललं आणि खाली बघितलं. खाटेवर रिकामी गोधडी होती आणि उशाशी पितळेची परात ठेवलेली, गेल्या पावसाळ्यापासून तिथेच, गळती झेलायला. गोधडीवर पाण्याचे जुने डाग होते. दिवसा अंगणात छपराची बढाई मारणारा हा माणूस पावसात रात्र रात्र परातीशेजारी अंग चोरून झोपत होता. निलेश असता तर त्याने काय केलं असतं ते तिला माहीत होतं. तिने दुसरं कौल उचललं, मग तिसरं. पुढच्या पावसाळ्यानंतर परात जनाने उचलून ठेवली, आणि दादांना वाटलं, आबांच्या हातचं छप्पर, ते काय गळतंय?

दादांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. नकाशावरच्या त्या लाल चौकोनावर त्यांनी हात ठेवला, अंग तापलंय का बघावं तसा. मेलेल्या बापाची कौलं म्हणून ज्यांच्याखाली आपण इतके पावसाळे कोरडे झोपलो, ती कुणी राखली हे त्यांना कळायला सरकारला आभाळात चढावं लागलं होतं. ती बाई तर त्यांच्या शेजारच्याच दारात होती.

"मॅडम," ते म्हणाले. "मदलं घर येगळं. नाव लिवा, सुरेखा निलेश. हद्द लाल कौलांनी घ्या. जितवर लाल, तितवर तिचं."

ग्रामसेवकांनी मान वर केली. विकासने दादांकडे बघितलं.

"नाय," सुरेखा म्हणाली. ती ओट्यावर येऊन नकाशाशेजारी बसली आणि मधल्या भिंतीच्या जागी तिने बोटाने रेघ ओढली. "माजं हितवर. त्ये दोन खण दादांचे."

मॅडमनी तिने दाखवली तिथे रेघ मारली. पडद्यावर मधलं घर वेगळं झालं आणि त्याच्या पोटात एक आकडा आला. मॅडमनी सांगितलं, की पत्रिका तयार झाली की निरोप येईल, पण यापुढे या घराची घरपट्टी तुमच्या नावाने येईल, दरवर्षी भरावी लागेल.

"येऊ द्या," सुरेखा म्हणाली. तिने तो आकडा पुन्हा एकदा दाखवायला सांगितला आणि ओठ हलवत तो वाचला. संध्याकाळी ऋतिकाला फोनवर सांगायचा होता. मग तिला हसू आलं आणि डोळ्यांना पाणीही आलं, आणि यावेळी तिने ते कुठल्याही चुलीआड लपवलं नाही.

दुपारी ओटा रिकामा झाला. दादा जेवून खाटेवर पडले. रोज पडल्या पडल्या त्यांचा डोळा लागायचा, आज लागेना. ते छपराकडे बघत राहिले. कौलांच्या सांध्यांतून उन्हाच्या बारीक काड्या खोलीत उतरल्या होत्या. एकही कौल तिरकं नव्हतं. या खोलीत ते जन्मले होते आणि छपराकडे असं त्यांनी आज पहिल्यांदा बघितलं. आपल्या डोक्यावर कुणीतरी दरसाल वाकून बघून गेलं, या विचाराने त्यांना आत कुठेतरी भरून आलं.

मधली भिंत आबाजींनी छपरापर्यंत नेली नव्हती. पलीकडे सुरेखा भांडी लावत होती, त्याचा आवाज वरच्या फटीतून येत होता. दादांनी त्या फटीकडे तोंड करून हाक मारली.

"सुरेखा."

भांड्यांचा आवाज थांबला.

"औंदा कौलं परतायला चढशील तवा शेतावर नाय जानार म्या. शिडी धरीन."

पलीकडे एक भांडं फळीवर ठेवल्याचा आवाज आला.

"शिडी ताई धरतात, दादा," भिंतीवरून आवाज आला. "तुमी कौलं द्या."